खुणेखालची चीर

मी टर्बाइनचं एक पातं बोलतोय. खरं सांगायचं तर अर्धंच पातं. मला मधोमध कापलं तेव्हा माझा दुसरा अर्धा भाग दूरच्या एका प्रयोगशाळेत गेला आणि तिकडचाच झाला. मी राहिलो इथे, कारखान्याच्या तपासणीच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर. माझ्याखाली लाकडाचा ठोकळा आहे आणि शेजारी धातूवर खूण ठोकायचा, बोटभर लांबीचा एक जुना पंच.

टर्बाइन तुम्ही पाहिलं नसेल, पण तुमच्या घरात दिवा लागतो तो बहुतेक त्याच्याच जिवावर. एक मोठं चाक आणि त्याच्या कडेला दाटीवाटीने बसवलेली नव्वद पाती. पेटत्या वायूचा झोत पात्यांवर आदळतो, चाक फिरतं, वीज तयार होते. मिनिटाला तीन हजार फेऱ्या. त्या वेगात वीतभर पात्याला बाहेरच्या बाजूला अशी ओढ बसते, की जणू कुणी त्याला भरलेला ट्रक टांगलाय. ती सगळी ओढ पात्याचं मूळ सोसतं. मूळ म्हणजे आमचा बुंधा, चाकाच्या खाचेत घट्ट रुतून बसणारा. तो शाबूत तर सगळं शाबूत.

मी त्या चाकात कधीच बसलो नाही. एकही फेरी फिरलो नाही. आणि त्याचं मला दुःख नाही.

माझा जन्म हवा काढून घेतलेल्या भट्टीत झाला. आत हवा राहिली तर आमच्या धातूला ती बाधते, म्हणून एवढं सोवळं. निम्म्याहून जास्त निकेल, मग क्रोमियम, थोडं कोबाल्ट, आणि अगदी चिमूटभर टायटॅनियम व ॲल्युमिनियम. निकेल घरातल्या कर्त्या माणसासारखं, सगळ्यांना धरून ठेवणारं. क्रोमियम गंजाला उंबऱ्याबाहेर ठेवतं. आणि ती चिमूटभर मंडळी दिसायला क्षुल्लक, पण त्यांच्यामुळेच आम्ही आगीत लाल झालो तरी मऊ पडत नाही.

जे आगीत मऊ पडत नाही, ते घडवायचं कसं? तिथेच सगळी मेख आहे. साधं पोलाद तापवलं की शहाण्या मुलासारखं हवं तिकडे वळतं. आम्ही हट्टी. अकराशे अंशांच्या जरा वर गेलो की आतून वितळायला लागतो. हजाराच्या खाली उतरल्यावर घाव बसला की फुटतो. भट्टीतून काढल्यापासून हातात उरतात जेमतेम वीस सेकंद. तेवढ्यात काय ते घाव घालून घ्यायचे.

मी सळईचा तुकडा होऊन या कारखान्यात आलो तेव्हा मला आधी काचेच्या पातळ पाण्यात बुडवलं. दुधासारखं दिसणारं, काचेची पूड कालवलेलं पाणी. भट्टीत ती काच वितळते, अंगभर पसरते, धातूला जपते आणि साच्यात सरकायला मदत करते. मला ते आवडलं होतं. पहिल्यांदाच कुणी अंगावर पांघरूण घालावं तसं.

भट्टीवर जो माणूस होता त्याला सगळे 'घाईनको' म्हणायचे. कुणी काही मागितलं की त्याचं पहिलं उत्तर 'घाई नको'. चहा मागा, पाना मागा, रजेचा अर्ज मागा, घाई नको. लग्नाच्या वेळीही तो हेच म्हणाला असणार, म्हणून त्याचं चाळिशीत जमलं, असं शेडमध्ये म्हणायचे. पण भट्टीपाशी त्याची हीच सवय सोन्याची होती. तुकडा गाभ्यापर्यंत तापल्याशिवाय तो दार उघडायचा नाही.

आणि हॅमरवर, म्हणजे घाव घालणाऱ्या यंत्रावर, होते मास्तर. चौतीस वर्षं त्यांनी त्या हॅमरच्या पायपट्टीवर पाय ठेवला होता. जाडजूड भुवया, त्याही अर्ध्या जळालेल्या. सांडशीत धरलेल्या तुकड्याच्या रंगावरून ते उष्णता सांगायचे आणि भिंतीवरचं यंत्र मागाहून त्यांच्या हो ला हो करायचं.

त्या दिवशी दार उघडलं. मास्तरांनी मला सांडशीत धरून खालच्या साच्यावर ठेवलं. पहिला घाव. दुसरा. माझ्या अंगातला प्रत्येक कण उठून नव्या जागी बसला. तिसऱ्या घावाला मला पाठ आली, पोट आलं, पीळ आला. चौथ्या घावाला मूळ भरलं आणि उरलेला धातू कडेने झालरीसारखा बाहेर आला. वीस सेकंदांत मी तुकड्याचं पातं झालो.

"हे बघ, कसं उतरलंय," मास्तर म्हणाले.

"घाई नको. थंड होऊ द्या, मग कौतुक करा," घाईनको म्हणाला आणि पुढच्या तुकड्याकडे वळला.

मास्तर नाही थांबले. त्यांनी मला बाजूच्या ऐरणीवर ठेवलं. माझा लाल रंग विझत चालला होता. त्यांनी शेडकडे पाठ केली, खिशातून पंच काढला, माझ्या मुळाच्या कोपऱ्यावर टेकवला आणि हातोडीचा एकच ठोका दिला.

ती त्यांची खूण. चिमणीच्या पायासारख्या तीन रेघा. पंच त्यांनी उमेदवारीच्या काळात स्वतः घडवला होता. प्रत्येक नव्या खेपेच्या पहिल्या तुकड्यावर ते खूण करायचे. "पहिलं लेकरू माझं," म्हणायचे, "बाकीची कारखान्याची." साध्या पोलादाच्या काळात शेडमध्ये सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कुणाचीच हरकत नव्हती. खूण पुढे घासण्यात निघून जायची. म्हणजे ती कुणाला दिसायचीही नाही. त्यांना पुरायचं एवढंच, की कुठल्याशा गावच्या यंत्रात, कुठल्याशा चाकात, त्यांचा हात फिरतोय.

पण आमचा हट्टी धातू या कारखान्यात आला तेव्हा शेडच्या भिंतीवर एक कागद लागला होता. 'या धातूवर ठोकून खूण करू नये.' खाली सगळ्यांच्या सह्या. त्यात मास्तरांचीही होती.

त्या ठोक्यासरशी माझ्या मुळात 'टिक' झालं. सुई जमिनीवर पडावी एवढाच आवाज. हॅमरच्या दणक्यात तो कुणाला ऐकू येणार? मला आला.

पुढे मला पुन्हा भट्टीत ठेवलं, मुरवायला. सोळा तास मंद आचेवर. यात आमची ताकद वाढते. माझी वाढली, आणि त्याच वेळी ती चीरही वाढली. आवळत जाणाऱ्या धातूने तिला दोन्हीकडून ओढलं. मला ओरडता येत नव्हतं. धातूचं हेच वाईट असतं. आम्ही बोलतो ते फक्त तुटताना.

तपासणीच्या खोलीत मी पोचलो तो मंगळवार होता. इथे मला ज्या बाईंनी हातात घेतलं त्या मास्तरांच्या सूनबाई. आधी मापाच्या विभागात होत्या. इथल्या वयस्क तपासनीसांनी नोकरी सोडली तेव्हा, दीड महिन्यापूर्वी, इकडे आल्या होत्या. कारखान्यात सासरा-सून एकमेकांशी कामापुरतं बोलायचे. मास्तर त्यांना सगळ्यांदेखत 'तपासनीसबाई' म्हणायचे आणि स्वतःच्याच विनोदावर हसायचे.

तपासणी अशी. अंगावर पिवळसर हिरवा रंग ओततात. तो बारीकशा फटीतही शिरतो. मग वरचा रंग धुतात, पांढरी पूड भुरभुरतात आणि काळोख्या कपाटात जांभळ्या दिव्याखाली धरतात. अंग धड असेल तर पातं काळोखात हरवून जातं. फट असेल तर तिथून रंग पाझरतो आणि चमकतो.

माझी खूण चमकली. चिमणीचा पाय अगदी स्पष्ट.

सूनबाई दचकल्या नाहीत. जाताना त्या वयस्क तपासनीसांनी त्यांना बजावलं होतं, "चिमणीचा पाय दिसला तर घाबरायचं नाही. तुझ्या सासऱ्यांची खूण आहे. खळग्यात रंग साचतो, चमकायचीच. पुढे घासून जाते." भिंतीवरचा तो कागद शेडमध्ये होता, या खोलीत नव्हता. त्यांना त्याची कल्पनाच नव्हती.

त्यांनी मला 'ठीक'च्या ताटात ठेवायला हात पुढे केला. मी मनात म्हणत होतो, बाई, एकदा अजून बघा. फक्त एकदा.

हात थांबला. चिमणीच्या मधल्या बोटापुढे एक धागा होता. केसाहून बारीक. खळग्यात साचलेला रंग जागच्या जागी राहतो. हा धागा हळूहळू पुढे सरकत होता.

त्यांनी मला धुतलं, पुसलं, पुन्हा रंग लावला. पुन्हा धागा. मग मुळाचा तो कोपरा घासून खूण पार काढून टाकली आणि परत बघितलं. आता काहीच चमकेना. अंग स्वच्छ. दुसरं कुणी असतं तर सुटकेचा श्वास टाकला असता. पण त्यांनी कापसाच्या बोळ्याने तिथे आम्ल लावलं. घासताना धातूची बारीक साय पसरते आणि चिरेचं तोंड लिंपून टाकते. आम्ल ती साय खातं. पाच मिनिटांनी पुन्हा रंग, पुन्हा दिवा.

धागा होता तिथेच होता. वरून खूण गेली होती, खालची चीर तशीच.

सूनबाईंनी घड्याळ बघितलं. दहा वाजून वीस मिनिटं. मग त्या मटकन स्टुलावर बसल्या, कारण त्यांच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम आल्या होत्या. पहिली, 'चिमणीचा पाय दिसला तर' याचा अर्थ तो याआधीही दिसला होता. आणि दुसरी, याच धातूची आधीच्या दोन खेपांतली नव्वद पाती घासून, आम्लाशिवाय तपासून, चाकात बसली होती. चाळीस किलोमीटरवरच्या वीजकेंद्रात. दुरुस्तीनंतर ते टर्बाइन आज चार वाजता पूर्ण वेगाने फिरणार होतं. सकाळी फाटकाशी सगळे तेच बोलत होते.

त्यांनी मास्तरांना बोलावून घेतलं.

"काय तपासनीसबाई, सासऱ्याची परीक्षा का?" मास्तर हसत आत आले.

"बाबा, दार लावून घ्या."

घरातलं संबोधन कारखान्यात ऐकून मास्तरांचं हसू गेलं. त्यांनी दिव्याखाली बघितलं.

"तुझ्या रंगाचं काही सांगू नकोस मला," ते म्हणाले. "चौतीस वर्षं ठोकतोय. एक तुकडा परत आला नाही."

"ते पोलाद होतं."

"खुणेनं कुठं चीर पडते? सळईतच असेल."

"बाबा, चीर खुणेच्या टोकापासून निघालीय. तिथूनच. खूण घासायच्या आधी मी बघितलंय."

"तू मला धातू शिकवणार? काल तू मापाच्या पट्ट्या पुसत होतीस."

सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज नाही हलला. "पुसत होते. तेही नीटच पुसत होते. आता सांगा, आधीच्या दोन खेपांतही खूण केली होती?"

मास्तर अंगठ्याने माझ्या मुळाचा कोपरा चाचपत राहिले. जिथे खूण होती तिथे आता सपाट होतं.

"महिन्याअखेरी मी जाणार," ते म्हणाले. "शेडमध्ये कार्यक्रम ठरलाय. साहेब बोलणार आहेत. तुझी सासू नवीन साडी नेसून येणार आहे."

"हो, बाबा."

"कुणाला कळणारसुद्धा नाही गं. खूण घासून गेलीय. कागदावर कुठेच नाही."

"म्हणूनच तर तुम्हाला विचारतेय. तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही."

बाहेर हॅमर पडत होता. दुसरं कुणीतरी चालवत होतं. चार घाव, थांबा. चार घाव, थांबा.

"दोन्ही खेपांत," मास्तर म्हणाले. "एकेकावर. तो कागद लागल्यानंतर. पाठ करून ठोकली."

मला घेऊन दोघं कारखान्याच्या साहेबांच्या खोलीत पोचेपर्यंत अकरा वाजून गेले होते. साहेबांनी ऐकलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"मास्तर, तुम्ही त्या कागदावर सही केली होती?"

"केली होती."

"मग?"

"मग ठोकली."

"कोणत्या नंबरच्या पात्यांवर?"

इथेच सगळं अडलं. पात्यांवर नंबर कोरतात ते घासून झाल्यावर, हाताला येईल त्या क्रमाने. नव्वदातली दोन कोणती, हे खुद्द मास्तरांनाही सांगता येत नव्हतं. चीर दोन्हींत असेल, एकात असेल, एकातही नसेल. म्हणजे एकच उपाय. टर्बाइन थांबवायचं, उघडायचं आणि नव्वदच्या नव्वद काढायची.

साहेबांनी फोन लावला. वीजकेंद्राच्या फाटकावरून उत्तर आलं, "सगळे हॉलमध्ये आहेत. आत फोन न्यायची परवानगी नाही. निरोप ठेवू?" पुन्हा लावला, निरोप ठेवला. तासाभराने विचारलं तर निरोप घेणाऱ्याची पाळी बदलली होती. नवा माणूस म्हणाला, "काय चीर? कसली चीर? लेखी पाठवा." साहेबांनी लेखी पाठवलं. ते कुणाच्या टेबलावर जाऊन पडलं ते देव जाणे. साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी त्यांच्या टेबलावर कागद दाबायच्या वजनासारखा पडून होतो आणि समोरच्या घड्याळाचा काटा मला माझ्या चिरेसारखाच वाटत होता. थांबल्यासारखा दिसायचा, पण प्रत्येक वेळी थोडा पुढे गेलेला असायचा.

दोन वाजून दहा मिनिटांनी सूनबाई उठल्या. मला त्यांनी हातरुमालात गुंडाळून पिशवीत टाकलं. "जीप द्या, साहेब. मी जाते."

"मीही येतो," मास्तर म्हणाले.

"तुम्ही नका येऊ, बाबा. तिथे परक्यांसमोर..."

"ठोकलं कुणी? मी. सांगायचं कुणी? तू?"

जीपचा ड्रायव्हर माल पोचवायला गेला होता. गाडी चालवणारा दुसरा एकच माणूस शेडमध्ये होता. घाईनको.

त्याही स्थितीत मास्तरांनी कपाळावर हात मारला. "याच्यापेक्षा मी चालत पोचेन!"

घाईनकोने किल्ली घेतली, तो बसला, आणि फाटकातून जीप अशी बाहेर पडली की पहारेकरी बाजूला उडी मारून उभा राहिला. वळणं, खड्डे, भाजीच्या गाड्या, शाळेच्या बसेस. पिशवीत मी या कडेवरून त्या कडेवर आपटत होतो. सूनबाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती, जणू मीच फुटणार होतो.

वाटेत एका पुलाचं काम निघालं. एकच बाजू चालू, समोर वाहनांची रांग. घाईनकोने इंजिन बंद केलं नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून म्हणाला, "मास्तर, मी बघितलं होतं तुम्हाला. तिन्ही वेळा."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमच्या खुशीवर पाणी कसं टाकू, वाटलं." रांग सरकली. त्याने गियर टाकला. "माझीही चूक आहे ती. निम्मी."



वीजकेंद्राच्या फाटकावर भरायला पाऊण तास लागेल एवढे फॉर्म होते. नाव, काम, कोणाला भेटायचं, कशासाठी. सूनबाईंनी 'कशासाठी'च्या रकान्यात लिहिलं, 'माणसं वाचवण्यासाठी.' पहारेकऱ्याने ते वाचलं, त्यांच्याकडे बघितलं आणि बाकीचे रकाने न भरताच दार उघडलं.

हॉलमध्ये शिरलो आणि मला पहिल्यांदा माझं घर दिसलं. आमची खेप राखीव पात्यांची होती; त्यातलं एखादं बदलायची वेळ आली तर मी तिथेच बसणार होतो. बसएवढं मोठं पोलादी कवच, आणि त्याच्या आत, मला न दिसणारं, ते चाक हळूहळू फिरत होतं. गरम होण्यासाठी कमी वेगात ठेवलं होतं. जमीन थरथरत होती. कवचाच्या शेजारी चारजण लोखंडी सळईचं एक टोक यंत्राला आणि दुसरं कानाला लावून आतला आवाज ऐकत होते. आणखी सातजण वेग दाखवणाऱ्या काट्यांच्या फलकासमोर उभे. भिंतीवरच्या घड्याळात चारला बारा मिनिटं कमी.

मुख्य अभियंता कानात कापूस घालून उभे होते. सूनबाईंनी मला उघडून त्यांच्या हातात दिलं, भिंग दिलं, आणि त्या यंत्राच्या आवाजावर ओरडून दोन मिनिटांत सगळं सांगितलं.

"कागद आहे का?" अभियंता म्हणाले. "नंबर? अहवाल? बाई, हे यंत्र थांबवायचं म्हणजे चार दिवस जातात. अर्ध्या शहराला वीज हवीय."

"कागदावर नाही, साहेब," मास्तर पुढे झाले. "कागदावर येणार कसं? मी लपवून केलंय." त्यांनी खिशातून पंच काढला आणि समोरच्या टेबलावर ठेवला. "याने. तुमच्या चाकातल्या दोन पात्यांवर. मनाई असताना."

अभियंत्यांनी पंचाकडे बघितलं, मग मास्तरांकडे. "आमच्या पात्यांत चीर असेलच असं नाही."

"नसेलही. नसली तर माझ्या नावाने काय हवं ते लिहा, मी सही करतो. माझी सही असलेला एक कागद मी मोडलाय, हा मोडणार नाही. पण एवढंच सांगा. पूर्ण वेग आला की ती माणसं कुठं उभी राहणार?"

अभियंत्यांनी सळई कानाला लावलेल्या चौघांकडे बघितलं. त्यातल्या एकाने त्यांच्याकडे बघून अंगठा वर केला. यंत्र छान आहे, असं त्याला सांगायचं होतं. फलकावरचा वेगाचा काटा वर सरकत होता.

अभियंत्यांनी हात लांब केला आणि लाल बटण दाबलं.

एवढं मोठं चाक एकदम थांबत नाही. ते बराच वेळ उतरत राहिलं. आवाज जाड झाला, मग बारीक, मग नुसता श्वास. हॉलमधल्या सगळ्यांनी वळून बघितलं. मास्तर तिथेच जमिनीवर बसले आणि सूनबाई त्यांच्या शेजारी, दोघंही भिंतीला टेकून. घाईनको दाराशी उभा होता. त्याने टोपी काढली.

चार दिवसांनी पाती काढली. नव्वदच्या नव्वद आम्ल लावून तपासली; एकोणनव्वद निर्दोष निघाली. एकात चीर मुळाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत गेली होती. पूर्ण वेगात ते किती वेळ टिकलं असतं? कुणी म्हणालं तासभर, कुणी म्हणालं चार मिनिटं. सळईने ऐकणाऱ्या चौघांपैकी एकजण इथे येऊन गेला. त्याने मला हातात घेतलं, उलटसुलट केलं, पुन्हा ठेवलं, आणि सूनबाईंना म्हणाला, "ताई, चहा मिळेल का?"

चौकशी झाली. मास्तरांना हॅमरवरून काढलं. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी स्वतःच नको म्हटला. महिना संपत आला तेव्हा मला कापून, घासून या टेबलावर ठेवलं होतं. आता चीर उभी कापलेली दिसते. बाहेरून केसाएवढी, आतून नखाएवढी. तीत शिरलेला रंग अजून निघालेला नाही. या खिडकीतून हॅमर दिसतो, म्हणून पुढचं मी बघितलं.

मास्तरांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी साहेब शेडमध्ये आले. वीजकेंद्रासाठी पाती पुन्हा घडवायची होती. त्या खेपेचा पहिला तुकडा भट्टीत होता. साहेब मास्तरांना म्हणाले, "एक घडवा. सगळ्यांसमोर."

घाईनकोने दार उघडलं. चार घाव. मास्तरांनी पातं ऐरणीवर ठेवलं. लाली विझायला लागली आणि त्यांचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. पंच त्या दिवसापासून सूनबाईंकडे आहे. हात खिशावर तसाच थोडा वेळ राहिला, मग खाली आला.

ते पातं मुरून इथे आलं तेव्हा मास्तर साध्या कपड्यांत, पाहुण्यासारखे, सोबत आले. सूनबाईंनी रंग लावला, धुतलं, पूड टाकली, दिवा लावला. काळोखात काहीच दिसलं नाही. काहीच चमकलं नाही. मास्तर तरीही वाकून बघत राहिले.

"नाहीये, बाबा. धड आहे."

"हं. कोऱ्या कागदासारखं."

"कोरं कशाला?" सूनबाईंनी तपासणीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यावर नंबर, वजन, उष्णता हे जुनेच रकाने होते. खाली एक नवा होता. त्यासाठी त्या साहेबांच्या मागे तीन आठवडे लागल्या होत्या. 'कोणी घडवलं.'

मास्तरांनी चष्मा शोधला. सापडेना. सूनबाईंनी आपला दिला. बायकी चष्मा नाकावर लावून त्यांनी हळूहळू, अक्षर अक्षर करत नाव लिहिलं. मग पेन खाली ठेवलं नाही. त्या नावाखाली आणखी एक लिहिलं, भट्टीवाल्याचं. "त्यालाही निम्मं," म्हणाले.

ते पातं आज फिरतंय. त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. चिमणीचा पाय आता कुठेच उरलेला नाही. माझ्यावरचा सूनबाईंनी त्या सकाळी घासून काढला, खालची चीर मात्र माझ्याकडे आहे. मास्तर अधूनमधून येतात, मला हातात घेतात, त्याच कोपऱ्यावर अंगठा फिरवतात आणि घरचं बोलून परत जातात. शेडमध्ये नवीन कुणी कामाला आलं की सूनबाई आधी त्याला माझ्याकडे आणतात. "जपून धर," म्हणतात, "याने अकराजण वाचवलेत." मी काही केलेलं नाही. मी नुसता फुटलो होतो. बोलले ते मास्तर.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. आपल्या हातच्या कामावर जीव लावा, जरूर लावा, पण त्या जीव लावण्याने समोरच्याला कुठे दुखत तर नाही ना, तेवढं एकदा दिव्याखाली धरून बघा. आणि चूक झालीच, आणि ती सांगायला आता फार उशीर झालाय असं वाटलं, तर माझी आठवण काढा. त्या दिवशी हॉलमधलं चाक थांबायला लागलं तेव्हा मी घड्याळ बघितलं होतं. चार वाजायला पाच मिनिटं होती.